खडूची रेघ

देवीदासने ओलं फडकं पिळलं, पेट्रोल पंपाभोवती गुंडाळलं आणि उघड्या बॉनेटखाली मान घालून तो इंजिनाचा कानोसा घेत उभा राहिला. क्वार्टरच्या दारापुढे टाकलेल्या बाजेवर त्याचे वडील, दौलतराव, रेल्वेचं खिशातलं घड्याळ तळहातावर धरून बसले होते.

"किती झाले, बाबा?"

"सतरा."

इंजिन अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. मडगार्डवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. अठरा मिनिटं झाली, एकोणीस झाली. मग त्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली आणि पाहता पाहता सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली. देवीदासने अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढली की ती सावरे, सोडली की पुन्हा थडथड. शेवटी एक उचकी देऊन ती बंद पडली.

"वीस," दौलतराव म्हणाले. "आली तिची वेळ."

"म्हणजे पंपबी नाही." देवीदासने फडकं काढून पायरीवर आपटलं. "प्लग बदलले, तारा बदलल्या, कार्बोरेटर तीनदा धुतलं. थंड असली का सोन्यासारखी चालते. गरम झाली का मिसिंग."

"होईन दुरुस्त. घाई कायची हाय?" म्हणत दौलतरावांनी घड्याळाचं झाकण टक्कन मिटलं.

घाई होती, आणि नव्हतीही. देवीदासची सगळी पंचाईत तीच होती.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती. रोलिंग मिलमधला एक बंगाली साहेब बदली होऊन गेला तेव्हा जाता जाता ती देवीदासच्या गळ्यात बांधून गेला. 'चला सके तो तुम्हारी, नहीं तो भंगार,' एवढंच म्हणाला. देवीदास पोलाद कारखान्याच्या मोटार गॅरेजात मिस्त्री होता. दिवसभर ट्रक आणि जिपा दुरुस्त करून त्याची हौस फिटत नसावी. सेक्टर दोनच्या क्वार्टरापुढे, अजून कमरेएवढ्याही न झालेल्या कडुनिंबाशेजारी, त्याने तीन महिने रविवार-रविवार करून तिचं इंजिन खोललं, धुतलं, पुन्हा बसवलं. शेजारीपाजारी हसत होते. पण दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार घालून नारळ फोडला, हँडल मारलं, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

त्या आनंदाच्या भरात देवीदास बोलून गेला, "आता पाहा बाबा, तुमाले याच गाडीतून आमगावले पोचवून देतो. सारं गाव पाहत राहीन."

त्याला म्हणायचं होतं की बापाला मी मोटारीतून मिरवीन. दौलतरावांनी ऐकलं ते एवढंच, की पोरगा आपल्याला घरी पोचवायला निघालाय. ते जरा वेळ गाडीच्या दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. धान कापाले येते तवा जाऊ."

झालं. दौलतराव अडतीस वर्षं लोको शेडात फिटर होते, आधी गोंदियाला, मग डोंगरगडला. त्यांच्या तोंडून निघालेली वेळ म्हणजे टाइमटेबल. पत्नी भागाबाई चैत्रात गेली तेव्हा देवीदास त्यांना 'आठ दिवस चला' म्हणून भिलाईला घेऊन आला. पायरी चढतानाच त्यांनी बजावलं होतं, "मी काही राहाले नाही आलो. माहं घर हाय." त्या आठ दिवसांना आता आठवा महिना लागला होता, तरी बाजेखालची त्यांची ट्रंक भरलेली होती आणि तिला कुलूप होतं. कपडे लागले की ते कुलूप काढत, धोतर घेत, पुन्हा कुलूप लावत. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमगावला धाकट्या भावाला, चंपतला, कार्ड टाकलं: मोटार तयार झाली की कापणीला येतो.

आता कापणी तोंडावर आली होती. गाडी दुरुस्त झाली की दौलतराव जाणार होते, आणि देवीदासला ते जायला नको होते. गोष्ट इतकी साधी होती. फक्त ती बोलून कोणी दाखवायची, हा प्रश्न होता, आणि त्या घरातल्या पुरुषांना तो सुटण्यातला नव्हता.

दौलतराव घरात तसे कोणाच्या अध्यातमध्यात नसत. रोज संध्याकाळी ते रुळांच्या कडेने फिरून येत आणि कोणती मालगाडी किती लेट गेली ते सुनेला, मथुरेला, सांगत, जणू तीच कंट्रोलर. तीही पोळ्या लाटता लाटता 'अशी कशी लेट जी, मामाजी?' म्हणून त्या गाडीची चौकशी करी. चार वर्षांची सिंधू आजोबांच्या खिशातला खडू पळवून साऱ्या ओट्यावर रेघा मारी. तो खडू म्हणजे दौलतरावांचा सहावा प्राण होता. शेडातली शिस्तच तशी होती: नट आवळला की नटावरून खालच्या पत्र्यावर खडूची एक सरळ रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते आणि तपासायला येणाऱ्याला लांबूनच दिसतं. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी हात ऐकत नव्हता. नळाच्या नटावर रेघ, देवीदासच्या सायकलच्या दोन्ही चाकांवर रेघ, मथुरेच्या स्टोव्हवरसुद्धा रेघ. गाडीला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून हात लावला नव्हता. "पेट्रोलच्या इंजनातलं मले समजत नाही. ते तुहं काम," असं सांगून ते घड्याळ धरून बसत, तेवढंच.

"तुमचंच चुकलं," मथुरेने देवीदासला दसऱ्याच्याच दिवशी सुनावलं होतं. "पोचवून देतो म्हणते का कोणी बापाले? पाहुणे हायेत का ते?"

"माह्या मनात तसं नव्हतं."

"मनातलं मनात ठेवा. आयकू येते ते तोंडातलं."

---

मंगळवारी संध्याकाळी देवीदास कामावरून आला तेव्हा दौलतराव फिरायला निघून गेले होते. त्याने चहा घेतला आणि बॉनेट उघडून तो पायरीवर बसून राहिला. रविवारी त्याने एकेका प्लगची तार काढून पाहिली होती. एक नंबरची काढली की इंजिन खाली बसे, चारचीही तशीच. दोन आणि तीन नंबरची काढली तरी त्याला काही फरक पडत नसे. म्हणजे गरम झाल्यावर मधले दोन सिलिंडर कामच करत नव्हते. पण का, ते सापडत नव्हतं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून त्याने हवेचा जोर पाहिला होता, तर चारही सिलिंडर अंगठा उडवून लावत होते.

मथुरा तांदूळ निवडायला सूप घेऊन दारात बसली.

"एक बोलू का जी? मले त्यातलं काही समजत नाही."

"बोल ना. ज्याले समजते त्यानं तरी काय दिवे लावले?"

"दसऱ्याले ही गाडी शिवणयंत्रावाणी टिकटिक करे. मले घरात आयकू ये. आता करत नाही."

देवीदासने मान वर केली.

"कधीपासून?"

"दोन-चार दिवसांतच बंद झाली. मी म्हटलं, तुमीच केली असन."

त्याने काहीच केलं नव्हतं. ती टिकटिक टॅपेटची होती. इंजिनाच्या पोटात हवा आणि धूर यांची दारं उघडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या बुडाशी केसाएवढी फट ठेवावी लागते, आणि चालताना त्या फटीचा असा आवाज येतो. ती फट देवीदासने स्वतः मोजायची पातळ पत्ती घालून ठेवली होती. आपल्या हाताने केलेलं काम म्हणून तर त्याने ते झाकण पुन्हा उघडून पाहिलं नव्हतं. आणि त्याहून मोठा गाढवपणा आता त्याच्या ध्यानात आला. अंगठा भाजू नये म्हणून त्याने हवेचा जोर दर वेळी इंजिन निवल्यावर पाहिला होता. गरम इंजिनाचा आजार तो थंड इंजिनात शोधत होता.

त्याने हँडल मारलं. वीस मिनिटांनी गाडी थडथडली तशी ती बंद केली आणि हाताला पोतं गुंडाळून तो इंजिनाच्या कुशीला असलेल्या झाकणाकडे वळला. झाकणाला दोन नट होते. पाना लावणार तोच त्याचा हात थांबला.

दोन्ही नटांवरून खाली पत्र्यापर्यंत खडूची पांढरी रेघ गेली होती. सरळ, बारीक, न तुटलेली.

मथुराही सूप ठेवून जवळ आली. तिने रेघ पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सूप उचलून ती आत निघून गेली.

देवीदासने झाकण काढलं. धुराकडच्या व्हॉल्व्हांपैकी दोन आणि तीन नंबरच्या बुडाशी पत्ती शिरेना. फट नव्हतीच. आपोआप सैल होऊन सरकलेलं काम नव्हतं ते. कुणीतरी चाकी फिरवून, फट पुरती बुजवून, वरचा नट पक्का आवळला होता. हात सराईत होता. इंजिन थंड असताना यात काही बिघडत नसे. पण तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होई, तिला जायला जागा नसे, आणि दार किलकिलं राहून सगळा जोर तिथून निसटून जाई.

पायरीवर बसून त्याने हात पुसले. राग आला नाही. दसऱ्याच्या दिवशी गाडी सुरू झाल्यावर बाबा कान देऊन म्हणाले होते, "हे टिकटिक कायची? माह्या शेडातून असा इंजन बाहेर निघाला नसता." देवीदास हसून म्हणाला होता, "पेट्रोलचं इंजन असंच बोलते, बाबा." वाफेच्या इंजिनात खडखड म्हणजे झीज, म्हणजे दोष. म्हाताऱ्याने आपला वाफेचा कायदा इथे लावला, पोराच्या गाडीतली खडखड कोणाला न सांगता काढून टाकली आणि खाली आपली रेघ ओढली. भल्यासाठी केलेलं काम असं उलटलं, हे त्यांना कळलं तर? अडतीस वर्षांत ज्याच्या हातून निघालेलं इंजिन परत शेडात आलं नाही, त्याला हे सांगायचं कसं?

सांगायचंच नाही, असं देवीदासने ठरवलं. त्याने फटी पूर्ववत केल्या, झाकण बसवलं, बोटाने खडूचा उरलासुरला डाग पुसून टाकला आणि गाडी सुरू केली.

दौलतराव कोपऱ्यावर आले आणि चालता चालता थबकले. गाडी टिकटिकत होती. ते बाजेवर येऊन बसले आणि त्यांनी न विचारताच घड्याळ काढलं. वीस मिनिटं गेली. तीस गेली. पेल्यातलं पाणी हललं नाही.

"झाली तं," ते म्हणाले.

"हो."

"काय होतं?"

"कंडेन्सर," देवीदास इंजिनाकडे बघतच म्हणाला. "गरम झालं का बसे. बदललं."

"कंडेन्सर." दौलतरावांनी तो शब्द तोंडात जरा घोळवला. मग घड्याळ खिशात टाकलं. "मंग रविवारी निघू."

त्या दिवशी कोणती मालगाडी किती लेट गेली, ते त्यांनी मथुरेला सांगितलं नाही. तिने पोळ्या लाटताना दोनदा दाराकडे पाहिलं.

---

"राहा म्हणा ना त्यायले," बुधवारी मथुरा म्हणाली. "दोन अक्षरं तं हायेत."

देवीदास संध्याकाळी मनाचा हिय्या करून बाजेजवळ गेला. दौलतराव ट्रंक उघडून धोतरांच्या घड्या पुन्हा घालत होते. तो उभा राहिला, खाकरला. वडिलांनी वर पाहिलं.

"काय?"

"काही नाही. चहा घेता?"

"आत्ताच तं घेतला."

"हो, ते बी खरं," म्हणून तो परत आला. मथुरेने कपाळाला हात लावला.

त्याला माहीत होतं काय होईल ते. तो 'राहा' म्हणेल आणि बाबा म्हणतील, 'कावून? मले काय झालं? माहं घर नाही का?' दिलेली वेळ मोडायला त्यांना कारण लागे, आणि माया हे काही रेल्वेच्या पुस्तकात लिहिलेलं कारण नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो सायकलवरून कारखान्याकडे निघाला. हवेत गारवा होता. भट्ट्यांवर धूर चढत होता आणि खोदाईवरच्या रेजा, मजूर बाया, डोक्यावर घमेली घेऊन रांगेने निघाल्या होत्या. कारखान्याच्या सायडिंगचे रूळ ओलांडायला तो खाली उतरला. सायकल उचलून पलीकडे ठेवताना त्याची नजर रुळांच्या सांध्यावर गेली. थंडीने तिथली फट चांगली उघडी पडली होती, करंगळी जाईल एवढी.

गोंदियाचं स्टेशन. तो सात वर्षांचा असेल. बाबांनी त्याचा अंगठा धरून अशाच फटीवर ठेवला होता.

'हे जागा कावून सोडली, सांग बरं?'

'रेल्वेवाले जोडाले विसरले.'

बाबा इतके हसले होते की बाजूच्या पॉइंट्समनने मान वळवून पाहिलं. मग त्याच्याशेजारी उकिडवे बसून म्हणाले होते, 'लोखंड तापलं का वाढते, देवा. त्याले जागा ठेवा लागते. नाही ठेवली तं रूळ वाकडा होते अन् गाडी पडते.'

देवीदास रुळाच्या मधोमध सायकल धरून उभा राहिला. मागून येणाऱ्या कोणीतरी घंटी वाजवली, 'अरे हट ना भई,' म्हणत वळसा घालून तो पुढे गेला.

ज्या माणसाने आपल्याला हे शिकवलं, त्याला टॅपेटची फट कशाला असते हे कळत नव्हतं? पेट्रोलच्या इंजिनातलं समजत नाही म्हणे! त्याने पुन्हा सगळं मनात मांडून पाहिलं. चारही फटी बुजवल्या असत्या तर गाडीने दमच धरला नसता आणि पहिल्याच दिवशी संशय आला असता. एकच बुजवली असती तर चौघांतला एक दुबळा म्हणून कदाचित खपून गेलं असतं आणि गाडी रडतखडत आमगावला पोचलीही असती. नेमक्या दोन बुजवल्या. सुरू व्हावी, चांगली चालावी आणि वीस मिनिटांनी बसावी, एवढ्या बेताने. आणि त्यानंतर महिनाभर म्हातारा घड्याळ धरून 'घाई कायची हाय?' म्हणत बसला. बाबांना जायचं नव्हतं. दिलेला शब्द मोडता येत नव्हता, म्हणून त्यांनी गाडी मोडली. आणि एवढं करून वर रेघ ओढली ती ओढलीच. चोरी केली, तीही सही ठोकून.

देवीदासला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. कारण पुढचंही त्याला दिसलं. मंगळवारी कोपऱ्यावर टिकटिक ऐकूनच बाबांना कळलं असणार की पोराने झाकण उघडलं, रेघ पाहिली, सगळं ओळखलं. आणि ओळखूनही गाडी दुरुस्त केली. वर कंडेन्सरचं नाव सांगितलं. म्हणजे पोराला आपण जायलाच हवे आहोत, असंच त्यांनी धरलं असणार.

भोंगा वाजला तेव्हा तो अजून रुळांतच होता. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी त्याची हजेरी लेट लागली.

---

शनिवारी दौलतराव सिंधूला खांद्यावर घेऊन सुपेल्याच्या बाजाराला गेले. जायच्या आधी नातीला फुटाणे घेऊन द्यायचे होते. ते वळणाआड गेले तसा देवीदासने पान्यांची पिशवी काढली.

हाताखालचं काम जाणूनबुजून वाईट करायची त्याची ही पहिलीच वेळ. फट बुजवताना बोटं अडखळत होती. पत्ती घालून मोजायची सवय असलेल्या हाताला पत्ती शिरत नाही याची खात्री करणं जड जात होतं. दोन नंबर झाला, तीन नंबर झाला. अर्ध्या तासात व्हॉल्व्ह काही जळत नाहीत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. झाकण बसवून नट आवळले. मग तो घरात गेला, सिंधूच्या पाटीवर पडलेला खडूचा तुकडा घेऊन आला आणि दोन्ही नटांवर त्याने एकेक रेघ ओढली.

मथुरा दारात उभी होती.

"खडू कायले?"

"असाच."

तिने वाकून नटांकडे पाहिलं. संध्याकाळी वाटेसाठी पोळ्या करायला बसली ती चार लाटून उठली.

रविवारी सकाळी ट्रंक मागच्या सीटवर गेली. दौलतरावांनी धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी घातली होती. सिंधू त्यांच्या कोटाला लोंबकळत होती. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची रीत. त्यांनी उजवा हात अर्धा पुढे केला आणि ते थांबले.

"दही नाही लागलं जी, मामाजी," मथुरा खाली बघत म्हणाली. पोळ्यांचं गाठोडं तिने त्यांच्याकडे दिलं. ते हातात तोलून पाहत दौलतराव म्हणाले, "आमगावपावतर एवढंच?"

"पुरते तेवढं."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. देवीदास मुद्दाम बडबडत राहिला, गॅरेजातलं, साहेबांचं, रस्त्याचं. रस्ता खडबडीत होता आणि गाडीचे पत्रे वाजत होते, त्यात टिकटिक आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. दौलतराव खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं. काही शेतांत कापणी सुरू झाली होती.

दुर्गच्या अलीकडे फाटक बंद होतं. देवीदासने गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवलं. दगड भरलेल्या वाघिणींची मालगाडी संथपणे जाऊ लागली.

"चाळीस मिनिटं लेट हाय," दौलतराव सवयीने म्हणाले.

आणि गाडी थडथडली. आधी स्टिअरिंग थरथरलं, मग काचा, मग मागच्या सीटवरची ट्रंक पत्र्याला लागून वाजू लागली. दौलतरावांचा हात घड्याळाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी घड्याळ काढलं नाही. गाडीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून बाजूने निघून गेला, दोन बैलगाड्या गेल्या, एक सायकलवाला 'का होगे भइया?' विचारून गेला. देवीदासने दोनदा हँडल मारलं. तिसऱ्यांदा मारणार तोच दौलतराव खाली उतरले. त्यांनी कोट काढून सीटवर ठेवला, बाह्या मागे सारल्या आणि पेट्रोलच्या इंजिनाचं बॉनेट सर्वांदेखत स्वतःच्या हाताने उघडलं.

ते वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

देवीदास हँडल हातात धरून रस्त्याच्या पलीकडे, कुठल्याशा बाभळीकडे बघत होता. बोलण्याची पाळी आता त्याची होती.

"काही समजत नाही, बाबा," तो शेवटी म्हणाला. "पुरी खोलून पाहा लागन."

"किती दिवस लागतीन?"

"पंधरा."

दौलतराव नटांकडेच बघत होते.

"महिनाबी लागन," देवीदास घाईघाईने म्हणाला. "अशा जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही. वरीसबी लागन." मग त्याने हँडल खाली ठेवलं. "मले एकट्याले जमत नाही, बाबा."

तापलेल्या इंजिनातून निवतानाचे बारीक आवाज येत होते. दौलतरावांनी खिशातून खडू काढला.

"रेघ नटावरून सुरू कराची असते," ते इंजिनात बघतच म्हणाले. "तू पत्र्यावरून केली. अन् हात हालला तुहा. पाहा इकडे."

देवीदास जवळ जाऊन वाकला. म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने त्याच्या दोन्ही वेड्यावाकड्या रेघा पुसल्या आणि त्यांच्या जागी आपल्या ओढल्या. नटावरून पत्र्यापर्यंत, सरळ, बारीक. शेवटची ओढून झाल्यावर त्यांचा हात नटावरून उचलला गेला तो देवीदासच्या पाठीवर पडला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी बॉनेट मिटलं.

दोघं जण मडगार्डला टेकून पोळ्या खात बसले. चार होत्या, दोघांना दोन-दोन. खाऊन होईपर्यंत गाडी निवली आणि निमूटपणे सुरू झाली. देवीदासने ती फाटकासमोर आडवी घेतली, मागे घेतली आणि भिलाईच्या दिशेने वळवली. दौलतराव खिडकीतून परतीचा रस्ता बघत होते.

"चंपतले कार्ड टाकून दे," ते जरा वेळाने म्हणाले.

"काय लिवू?"

"लिव, गाडी लेट हाय." त्यांनी घड्याळ काढलं, त्याकडे न बघताच पुन्हा खिशात ठेवलं. "किती लेट, ते नको लिवू."